रात्रीच्या पाण्यातला लाल खडा

मधूभावजी झोपेत गेले, असा शैलाचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "नक्की ना गं?" शैला माझी धाकटी जाऊ, ती रडत होती आणि मी उलटतपासणी घेत होते. पण तुम्हीच सांगा, जो माणूस नौदलात पाणबुड्या होता, ज्यानं पुढं सगळं आयुष्य पुलांच्या आणि धरणांच्या पाण्याखाली काढलं, तो असा कोरड्या अंथरुणात, कुणाला हाक न मारता जातो? महिना होऊन गेला, तरी मला वाटतं, यातही त्यांनी काहीतरी लपवलंच असणार... या माणसाच्या बाबतीत मला शंका घ्यायची सवयच लागली होती. ती कधी लागली, तेच आज लिहायचंय.

नौदलातून सुटल्यावर भावजी आमच्याकडेच राहायला आले. चिंचवडला कॉलनीतल्या दोन खोल्या, त्यात आम्ही, आणि दाराआड त्यांची पाण्याखाली पाठीवर बांधायची हवेची टाकी. गळ्यात कोचीनला घेतलेली सोन्याची साखळी. ती आंघोळीलासुद्धा काढत नसत, हे ध्यानात ठेवा. आमचे हे कंपनीत टर्नर आणि कॉलनीच्या गणेश मंडळाचे खजिनदार. गणपतीला सोन्याचं जास्वंदीचं फूल होतं, मध्ये लाल खडा. मिरवणूक निघायच्या आधी खजिनदारानं ते काढून रुमालात बांधायचं, अशी पद्धत. बहात्तर साली दुष्काळ. पवना नदीत गुडघाभरही पाणी नव्हतं, म्हणून विसर्जन चाकणच्या वाटेवरच्या जुन्या दगडखाणीत झालं. पाणी खोल, त्यात दुसऱ्या शिफ्टच्या लोकांना परतायची घाई... आणि घरी आल्यावर यांनी रिकामा रुमाल पुढं केला. "फूल काढायचं राहिलं गं."

राहिलं, की राहिल्यासारखं केलं? हे मी नाही, सगळी कॉलनी म्हणायला लागली. मंडळाचे अध्यक्ष जगताप तर दारात उभे राहून म्हणाले, "पाण्यात पडलेलं घावंल वहिनी. घरात पडलेलं न्हाई घावायचं." कंपनीत सगळे याच मंडळाचे, शिफ्टला जाताना बसमध्ये यांच्याशेजारी कुणी बसेना. यांचं अन्न तुटलं. आणि मी? मी यांच्या पँटचे खिसे तपासले. दोनदा. "काय शोधतेस?" म्हणाले, तर म्हटलं, "धुवायला घेतेय."

रविवारी दुपारी भावजी फूल शोधायला खाणीत उतरले. काठावर ही गर्दी! वर आले ते रिकाम्या हातानं. म्हणाले, "आता रात्री उतरतो." झालं... जगताप उसळले. "रात्री कशापायी? दिवसा डोळं फुटलं व्हतं?" भावजी शांतपणे टॉवेलनं कान पुसत होते. म्हणाले, "जगतापराव, दिवसा खाली लांबवर दिसतं, पण सगळं हिरवट. लाल रंग तेवढ्या खोलवर पोचतच नाही. लाल खडा काळा दिसतो, आणि खाणीच्या तळाला काळे खडे काय थोडे आहेत? रात्री मी माझा उजेड बरोबर नेतो. हातभरच दिसतं, पण लाल ते लाल दिसतं."

"असं कुटं असतंय व्हय? सूर्यापरीस ब्याटरी मोठी?"

"सूर्य वर राहतो हो. बॅटरी खाली येते."

लोक हसले, पण पटलं कुणालाच नाही. मलाही नाही. त्यात टाकीतली हवा संपलेली. ती भरून आणायला भावजी मुंबईला गेले आणि दोन दिवसांनी आले. हवा भरायला दोन दिवस लागतात का, मला माहीत नाही. तेव्हा विचारायचं सुचलं नाही, नंतर विचारायचं धाडस झालं नाही.

दिवेलागणीनंतर आम्ही खाणीवर गेलो. भावानं भावाचा दोर धरायचा नाही, असं जगतापांनी बजावलेलं, म्हणून दोर माझ्या हातात आणि जगताप शेजारी दगडावर. एक ओढ म्हणजे ठीक, दोन म्हणजे सैल सोड. उतरण्याआधी जगतापांनी भावजींचा रबरी पोशाख, पिशवी, मुठी, सगळं चाचपून पाहिलं. बॅटरी मात्र कुणी उघडली नाही. काळ्या पाण्यात तो उजेड हिरव्या काजव्यासारखा फिरत खाली गेला. इकडं गेला, तिकडं गेला, मग एका जागी थांबला. बराच वेळ. आणि विझला! मी दोर घट्ट धरला. तेवढ्यात दोराला एक ओढ बसली, आणि अंधारातच भावजी वर आले. मुठीत फूल. पाकळ्यांमध्ये शाडू अडकलेला.

जगतापांनी यांच्या पायाला हात लावला, कॉलनीनं पेढे वाटले, हे त्या दिवशी पोटभर जेवले. मी तेवढी भावजींना विचारत बसले, "इतका वेळ खाली काय करत होतात?"

"रंग बघत होतो, वहिनी."

"आणि बॅटरी कशी विझली?"

"पाणी शिरलं."

"साखळी कुठाय?"

"पाण्यात पडली असेल."

दुसऱ्याचं फूल शोधून आणणाऱ्याची स्वतःची साखळी त्याच पाण्यात पडावी! लग्नात शैलाच्या वडिलांनी नवी घातली. ती मात्र जन्मात कधी पडली नाही. बॅटरी त्यांनी उन्हात वाळवली, ती लागली, पुढं कितीतरी कामांवर नेली. तिच्यातही परत पाणी शिरलं नाही. आतून काही काढायला झाकण उघडल्याशिवाय शिरणार कुठून? मग वाटायचं, शाडूचं काय? तो काय साखळी मोडून नवं फूल घडवणाऱ्या मुंबईच्या सोनाराकडे मिळतो? पण शाडू तर त्या दिवसांत घरोघरी होता...

आमचे हे गेले, तेव्हा तेराव्यानंतर मी भावजींना एकदाच विचारलं. "खरं सांगा, यांनी घेतलं होतं का?"

भावजींनी भिंतीवरच्या यांच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "वहिनी, मी दादाला दिवसाही पाहिलाय आणि रात्रीही."

"म्हणजे?"

"म्हणजे चहा टाका."

परवा शैला ती बॅटरी घेऊन आली. वहिनींना द्यायची, असं भावजींनी सांगून ठेवलं होतं म्हणे. मलाच का? मी नवे सेल घातले, लख्ख लागली. आता संध्याकाळी लाइट गेले की मी मेणबत्ती शोधत नाही. बॅटरी घेते आणि भिंतीवरच्या यांच्या फोटोवर धरते. हातभर उजेड, त्यात यांचा चेहरा, बाकी खोली काळोखात. रात्री रंग खरा दिसतो म्हणे. मी डोळे बारीक करून बघत राहते... पण भावजी, फोटो काळा-पांढरा आहे हो.