रोझाने दिलेला शब्द

शेजारची रोझा वारल्यापासून तिच्या घराला कुलूप आहे. तरी आज सकाळी तिच्या किचनमधून पिकी केळी तळल्याचा वास आला आणि मला आईचा दहावा आठवला.

तेव्हा मी लीड्सला नवीन होते. व्हिसा अडकलेला, नागपूरला जाता आलं नाही, म्हणून बॅक गार्डनमध्ये शेडच्या छपरावर आईसाठी पान ठेवलं. कावळा आला, पण शिवेना. भात सोडून माझ्याकडेच बघत राहिला. ‘आई, बाबांना सांभाळीन,’ म्हटलं. ‘दादाशी भांडणार नाही,’ म्हटलं. तो हलेना.

कुंपणापलीकडे रोझा कपडे वाळत घालत होती. कोलंबियाची, माझ्याच हॉस्पिटलात सफाईला. तिने विचारलं, मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. क्रूसाची खूण करून कावळ्याशी स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलली. कावळा लगेच पानाकडे वळला आणि जेवू लागला.

‘काय सांगितलंस त्याला?’

‘तुमची मुलगी इथे उपाशी राहणार नाही, मी बघते.’

आईला कुठलं स्पॅनिश येत होतं? योगायोग असणार, अशी मी तेव्हा मनाची समजूत घातली. रोझा मात्र शेवटपर्यंत दर रविवारी कुंपणावरून तळलेल्या केळ्यांची ताटली देत राहिली.

आज वासामागे मी बाहेर गेले. तिच्या खिडक्या बंदच होत्या. मी कुठलंच पान मांडलं नव्हतं, तरी कुंपणावर कावळा बसून माझ्याकडे बघत होता.

‘जेवते गं मी वेळेवर,’ मी मराठीतच म्हणाले.

तो उडाला. वासही गेला.