दिव्याच्या खांबाला चहा

बाबा गेल्यावर मी आईला नागपूरहून कॅनडात, कनाटाला माझ्या घरी आणलं. आल्यापासून ती जेमतेम बोलायची. मी ऑफिसला गेले की खिडकीपाशी बसून शेजाऱ्यांना फावड्यानं बर्फ शोव्हल करताना बघत राहायची. टीव्हीचं तिला वावडंच होतं.

एका रविवारी दुपारी मी बेसमेंटमध्ये कपडे वाळवत होते. वरून हसण्याचा आवाज आला, मोकळा, खदाखदा. मला वाटलं माझी लेक हसतेय. जिना चढून पाहते तर लेक सोफ्यावर अवाक होऊन बसलेली आणि आई पदरानं डोळे पुसत हसतेय!

टीव्हीवर एक इंग्लंडातली विनोदी मालिका चालली होती. त्यातल्या एका घरात भाडेकरू म्हणून रस्त्यावरचा दिव्याचा खांब राहायला आला होता. घरमालकीण त्याला अदबीनं चहा विचारत होती, आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

“आजी, इट मेक्स नो सेन्स!” लेक म्हणाली.

मी आईजवळ बसले. “आई, तुला कळतंय का हे?”

“न कळायला काय झालं? तुझे बाबा असेच तर होते.”

माझे बाबा? शाळेचे हेडमास्तर? त्यांची स्कूटर फाटकाशी थांबली की आम्ही भावंडं बोलणं थांबवायचो. त्यांना हसताना पाहिल्याचं मला आठवत नव्हतं.

“तुम्ही उठायच्या आधी सैपाकघरात यायचे,” आई सांगू लागली. “छत्री खुर्चीवर बसवायचे. म्हणायचे, इन्स्पेक्टरसाहेब तपासणीला आलेत, चहा द्या. मग इन्स्पेक्टरच्या वतीनं मीच बोलायची. साखर कमी आहे म्हणून शाळेला नापास करायची. ते हात जोडून गयावया करत.”

“मग आमच्यासमोर का नाही कधी?”

“तुम्ही त्यांच्याच शाळेत होता ना बाई! वर्गात जाऊन सांगितलं असतं तुम्ही.”

इतकं साधं कारण. आणि त्यापायी आम्ही सगळं बालपण त्यांना बिचकून काढलं होतं. मी वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. राग आला होता की आनंद झाला होता, ते आजही सांगता येत नाही.

पुढचे काही रविवार आम्ही तिघी ती मालिका बघत होतो. मग एका रविवारी त्या वेळेला बागकामाचा कार्यक्रम लागला. मी चॅनेलला फोन केला. तिथली बाई म्हणाली की मालिकेचे तेवढेच भाग निघाले. लोकांना ती समजली नाही, म्हणून तिकडेच बंद पडली.

आईला सांगितलं तर ती थक्क झाली. “समजली नाही? त्यात समजायचं काय होतं?”

त्यानंतर मात्र ती बोलू लागली. भाजी निवडताना, माझ्याबरोबर ग्रोसरीला जाताना बाबांच्या एकेक गोष्टी निघत. मी नागपूरला भावाला फोन करून सगळं सांगितलं.

“आईला तिकडची थंडी बाधलेली दिसते,” तो म्हणाला. “तिला डॉक्टरला दाखव.”

त्याचा अजूनही विश्वास बसलेला नाही.