आधी काम दाखवा, मग व्यायाम
शालिनीताई देवरे यांची आणि माझी ओळख पंचवटीतल्या त्यांच्या फिजिओथेरपी दवाखान्यात झाली. मी नुकतीच पदवी घेऊन आले होते आणि मला सगळे येते, अशी माझी पक्की समजूत होती. ताईंनी प्रमाणपत्राकडे पाहिलेही नाही. "पेशंटला आधी त्याचं काम करून दाखवायला सांगायचं, मगच मानेला हात लावायचा," एवढेच म्हणाल्या. मला तो वेळेचा अपव्यय वाटला.

पंच्याहत्तरीच्या गौरव अंकात गोड लिहायचे असते, हे मला कळते. पण ताईंबद्दल खरे लिहायचे तर हिराबाईंबद्दल लिहावे लागते, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

ताई आठवडाभर बाहेरगावी असताना हिराबाई पिंपळगाव बसवंतहून आल्या. मान आणि उजवा खांदा दुखत होता, हाताला मुंग्या येत होत्या. बाहेर रांग लागली होती. मी त्यांना काम विचारलेच नाही. आमच्याकडे मान दुखणारे बहुतेक शिलाई मशीनवर नाहीतर संगणकापुढे वाकून बसणारे. त्यांच्यासाठीचा छापील कागद मी वाचून दाखवला आणि हिराबाईंच्या हाती दिला: मान मागे टाका, छताकडे बघा, दहा वेळा, दिवसातून तीनदा.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या, तेव्हा त्यांच्या हातातून पाण्याचा तांब्या निसटत होता. ताईंनी काम दाखवायला सांगितले. हिराबाईंनी दोन्ही हात डोक्यावर नेले, मान मागे टाकली आणि कात्री धरल्यासारखी बोटे हवेत चालवू लागल्या. द्राक्षाच्या मांडवाखाली उभे राहून घडांतले जादा मणी कापायचे, म्हणजे विरळणीचे, त्यांचे रोजचे काम होते.

"दिसभर वरच पाहावं लागतं ना, ताई. घरी आल्यावर परत तुमचा व्यायाम. लय दुखायचं, पण एक दिस नाय चुकवला."

मला रडू आले. ताई हिराबाईंसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक आमच्या दवाखान्याची आहे. दबलेली नस आम्ही आणखी दाबली." तपासण्यांना, पुढे शस्त्रक्रियेलाही त्या स्वतः सोबत गेल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी मला त्या बागेत नेऊन हातात कात्री दिली. दोन तासांत माझे खांदे भरून आले. ताईंनी बागवाल्याशी भांडून घड डोळ्यांसमोर यावेत म्हणून बायकांना वर उभे राहायला लाकडी घोड्या करून घेतल्या. दर तासाला हात खाली सोडायचे, हनुवटी आत घ्यायची, खांद्याची पाती मागे जुळवायची, हे शिकवले. बाकीच्या बायकांना उतार पडला. हिराबाईंचा हात मात्र पूर्ण परत आला नाही. विरळणी सुटली, भाकरी थापणेही सुटले.

हे सारे छापू का, असे मी ताईंना विचारले. "दवाखाना माझा होता, असं लिही. नाहीतर लिहूच नकोस," त्या तडकल्या.

हिराबाई अजून दर महिन्याला येतात. ताई आपली दोन बोटे त्यांच्या मुठीत देतात. मागच्या खेपेला ताई म्हणाल्या, "दाबा बरं जोरात."

"दाबलंय ना, ताई," हिराबाई म्हणाल्या.

पंच्याहत्तरी गाठलेल्या शालिनीताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांच्या बोटांतली जाण शाबूत राहो. हिराबाईंची पकड तिळभर जरी वाढली, तरी ती आधी त्या बोटांनाच कळेल.