गोड फांदी कोणती?

जेवण जड झालंय. ओसरीवरच्या बाजेवर पडते, पण झोप कुठली! उन्हं कलली की माझा भाऊ दिगंबर करवतवाल्याला घेऊन येणार आहे. आप्पांनी गावठी बोरीवर गोड बोराचं कलम केलं होतं. ते गेल्यावर छाटणी कुणी केली नाही. खालून गावठी फांदी फुटली, बघता बघता बरोबरीला आली आणि यंदा टोपलीभर आंबट बोरांत कशीबशी चार गोड निघाली. "गोड फांदी दाखव, नाहीतर अख्खं झाड पाडतो," असं दिगूने बजावलंय. मे महिन्यात झाडावर बोर सोडा, पान नाही. दाखवू काय, कपाळ?

बाज करकरते. पायथ्याशी आप्पा बसलेत. जाऊन तीन वर्षं झाली तरी पायांत त्याच झिजक्या चपला.

"आप्पा, गोड फांदी कोणती?"

"मीठ आण जरा."

स्वयंपाकघरात शिरते तर तिथे एसटी स्टँड. बाकावर आप्पा बोरं चोखत बसलेत, बिया खाली टाकतायत.

"सांगा ना! दिगू झाड तोडतोय."

"त्याला घाई लई. ल्हानपणी कच्चीच खायचा, मग रातभर खोकायचा."

"मी काय विचारतेय?"

"ऐकू येतंय मला."

जिवंतपणी हेच! सरळ उत्तर देतील तर शपथ. आईने या माणसाबरोबर जन्म कसा काढला, देव जाणे. माझ्या डोळ्यांत पाणी येतं, तेही रागाचंच.

फलाटाच्या टोकाला आपली बोर उभी आहे. आप्पा माझे दोन्ही हात धरतात, एकेका फांदीवर ठेवतात.

"तोंडाने सांगा, आप्पा!"

ते हात खसकन ओढतात. डावा अलगद घसरतो. उजव्यातून कळ जाते.

"आई गं!"

"आता इचारशील पुन्हा?" म्हणत ते गाडीत चढतात. "मिठाचं ऱ्हाऊनच गेलं बघ."

"ताई, ठरलं का?" अंगणातून दिगूची हाक. मी उठून बसते. उजव्या तळव्यावर लांब ओरखडा, रक्त अजून ओलं. डावा हात स्वच्छ.

गावठी बोरीला काटे चिक्कार, कलमाला विरळ. आप्पांच्या लेकीला एवढं तरी सुचायला हवं होतं! पण दोन शब्द बोलले असते तर यांचं काय बिघडलं असतं?

"थांब, हात लावून सांगते," मी ओरडते. जाताना डब्यातलं चिमूटभर मीठ उजव्या मुठीत घेते. झोंबतं. झोंबू दे.