मेव्हिसचा उकार

उत्तर इंग्लंडातल्या बार्न्सलीच्या त्या चढावरच्या गल्लीत मेव्हिस ऑल्डरॉइडसमोर सगळेच जरा तोंड सांभाळून बोलायचे. शिव्यांचं तिला काही नव्हतं. त्या ती स्वतःही सढळपणे द्यायची. तिला खपायचा नाही तो दक्षिणेकडचा उच्चार. आपण मराठी माणसं कप म्हणतो, बस म्हणतो, लंडनकडचे लोकही साधारण तसंच म्हणतात. बार्न्सलीत या शब्दांना उकार लागतो. चहा कुपातून प्यायचा, बाजाराला बुसनं जायचं आणि पावाला बुटर लावायचं. उकार गाळून बोलणारा माणूस एक तर परका, नाहीतर शिष्ट. तिसरा प्रकार मेव्हिसला ठाऊक नव्हता.

उमेदीची सगळी वर्षं तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. एकदा केंटहून आलेले नवे मास्तर वाढपाच्या खिडकीशी आले आणि त्यांनी केकवर घालायला अगदी नम्रपणे कस्टर्ड मागितलं. मेव्हिसनं डाव पातेल्यातच ठेवला. म्हणाली, "कस्टर्ड नाही हो. कुस्टर्ड आहे, चालेल?" मागच्या रांगेतल्या पोरांची हसून मुरकुंडी वळली आणि बिचाऱ्या मास्तरांनी तो केक कोरडाच गिळला. हा किस्सा तिनं पुढे इतक्यांदा सांगितला की गल्लीतली कुत्री-मांजरंसुद्धा तो पाठ म्हणू शकली असती.

घरच्यांनाही सूट नव्हती. तिची मुलगी जिल शिकायला रेडिंगला गेली आणि पहिल्याच नाताळात घरी येऊन म्हणाली की बस उशिरा आली. मेव्हिसनं तिच्या खांद्यावरून मागे डोकावून विचारलं, "तुझ्याबरोबर कोण आलंय?" सगळे हसले, जिलही हसली. ती पुढे तिकडचीच झाली. नोकरी, नवरा, मुलं, सगळं रेडिंगला. पण आईच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवताना ती उकार लावूनच यायची, आणि मेव्हिसला वाटायचं, पोरगी कशी आपल्या मातीला धरून राहिली आहे.

मेव्हिसचा नवरा क्लिफ खाटीक. बाजारपेठेत त्याचं डुकराच्या मांसाचं दुकान होतं. त्याचे पाय चांगले असायचे, म्हणजे कणकेच्या पारीत मांस भरून भाजलेले ते इंग्रजी पाय. पण गिऱ्हाईक यायचं ते त्याच्या बोलण्यासाठी. एकीकडे सुरी चालायची, एकीकडे तोंड, आणि दोन्हींना सारखीच धार होती. दुकान बंद करून तो घरी बसला, तेव्हा गिऱ्हाइकांचं सगळं बोलणं एकट्या मेव्हिसच्या वाट्याला आलं. ती त्याला रोज गप्प बस म्हणायची आणि तो गप्प बसला की काय झालं म्हणून विचारायची.

एका हिवाळ्यात त्याला झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. कळत सगळं होतं. डोळे पूर्वीसारखेच मिश्कील होते. पण शब्द ओठांपर्यंत येऊन मागे फिरायचा. एक शिवी मात्र कशी कोण जाणे शाबूत राहिली होती. चॅपलचे पाद्री भेटायला आले तेव्हा त्यांचंही स्वागत तिनंच झालं. पाद्री बार्न्सलीचेच होते, त्यांनी ती आभार म्हणून स्वीकारली.

मग हॅरिएट येऊ लागली. वाचा परत आणण्याचे धडे देणारी, दक्षिणेतल्या सरे परगण्यातली, जिलच्या निम्म्या वयाची पोर. ती चित्रांचे पत्ते घेऊन यायची. क्लिफसमोर एकेक पत्ता धरायची, शब्द सावकाश उच्चारायची आणि त्याच्या ओठांकडे बघत थांबून राहायची. तिला थांबता यायचं, हा तिचा मोठा गुण. मेव्हिसला ते कधीच जमलं नव्हतं. ती स्वयंपाकघरातून मनातल्या मनात त्याच्या वतीनं शब्द ढकलत असायची.

आणि एक दिवस क्लिफ म्हणाला, "कप."

मेव्हिसच्या हातातलं फडकं गळून पडलं. ती बाहेर आली, त्याचं डोकं छातीशी धरून रडली आणि रडता रडता हसत म्हणाली, "कप काय रे, कप? राणीबरोबर बसून पितोस का चहा?" क्लिफही वाकड्या तोंडानं हसला. इतपत ठीक होतं.

पण मग बस आली, बटर आलं, हातातला ग्लव्ह आला. हॅरिएटच्या तोंडून जसा शब्द यायचा तसाच्या तसा क्लिफ उचलायचा. त्याचा स्वतःचा साठा तर रिकामा झाला होता. मेव्हिसला आनंद व्हायचा आणि त्याच आनंदात खडाही लागायचा. आवाज क्लिफचा, शब्द सरेच्या पोरीचे. शेजारणीला ती सांगायची, "माझा नवरा इस्पितळातच राहिला बहुतेक. घरी दुसऱ्याच कुणाला पाठवलंय." तिकडे हे असंच बोलतात. ज्याच्यावर जीव, त्याची जास्त टिंगल. क्लिफनं स्वतः जन्मभर तेच केलं होतं, त्यामुळे यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही.

त्याच्या लहानपणच्या दोस्ताचं नाव डुग. दर रविवारी तो दुपारी यायचा, दोघं डॉमिनो खेळायचे. एकदा क्लिफनं आठवडाभर हॅरिएटकडून त्याचं नाव घोटून घेतलं. रविवारी डुग दारातून आत आला, कोट काढला, तोच खुर्चीतून आवाज आला, "डग."

डुगनं टेबलावर थाप मारली आणि तो हसत सुटला. शनिवारी त्यानं क्लिफला चाकाच्या खुर्चीतून क्लबात नेलं. तिथं सगळे भोवती जमले. "क्लिफ, तुझ्या मित्राचं नाव काय? परत सांग की." क्लिफनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. लोकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होती मेव्हिस. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा क्लिफनं मान खाली घातली आणि तो डाव्या हातानं बियरचा ग्लास नुसता फिरवत राहिला.

त्यानंतर त्यानं तोंडाला कुलूपच घातलं. हॅरिएटनं पत्ता धरला की तो खिडकीकडे बघायचा. शिवीसुद्धा बंद झाली. दोन आठवडे असे गेल्यावर हॅरिएटनं मेव्हिसला स्वयंपाकघरात गाठलं. आलेले शब्द वापरले नाहीत तर पुन्हा जातात, ती म्हणाली, आणि हे पहिले महिनेच सगळ्यांत मोलाचे. आत्ता थांबले तर कदाचित कायमचे थांबतील.

मेव्हिस तिच्यावरच उखडली. "तू त्याला आमच्यासारखं का नाही शिकवत? त्याला लाज वाटते तुझ्या शब्दांची."

हॅरिएटनं खरंच प्रयत्न केला. तिनं ओठांचा चंबू केला आणि "बूऽस" म्हणाली. ते इतकं भयंकर होतं की मेव्हिसला हसू फुटलं आणि हॅरिएटलाही. मग हॅरिएट म्हणाली, "माझ्या तोंडी ते नक्कल केल्यासारखंच वाटणार. तुम्ही शिकवून बघा. पण त्यांना लाज माझ्या शब्दांची वाटते, असं मला नाही वाटत." एवढं बोलून तिनं पत्ते मेव्हिसच्या हाती दिले. पोर शहाणी होती.

त्या संध्याकाळी मेव्हिस पत्ते घेऊन नवऱ्यासमोर बसली. कपाचं चित्र धरलं. "कुप. म्हण, कुप." क्लिफचे ओठ जुळले. घशातून क सुटला. आणि तिथंच त्यानं थांबून तिच्या तोंडाकडे पाहिलं. चूक झाली तर ही काय म्हणेल, ते आधीच ताडून बघणारी ती नजर होती. मग ओठ मिटले. बाजारपेठेतल्या पाच दुकानांपलीकडे ज्याचा आवाज जायचा, तो तिचा नवरा तिला भीत होता.

तिनं पत्ते खाली ठेवले, त्याला पांघरूण घातलं आणि पलीकडच्या खोलीत जाऊन जिलला फोन लावला.

"मुलांशी घरी कशी बोलतेस गं तू? तिकडच्यासारखी?"

"हो आई. सगळीकडेच तशी बोलते. तुझ्या दारात आले की बदलते."

"मला भितेस?"

"भीत नाही गं. पण तुझ्याशी बोलण्याआधी प्रत्येक शब्द तपासून घेते. दमायला होतं. म्हणून फोन कमी करते."

गल्लीत बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तिच्या घरातली दोन्ही माणसं तिच्यापुढे मुकी झाली होती. फोन ठेवून ती तशीच बसून राहिली. वाईट तर वाटलंच, पण त्याहून जास्त तिला स्वतःची शरम वाटली, आणि ती भावना तिच्या सवयीची नव्हती.

रविवारी डुग आला. दोघांनी मुकाट्यानं डॉमिनोच्या सोंगट्या मांडल्या. मेव्हिस किटली घेऊन बाहेर आली, टेबलाच्या टोकाशी उभी राहिली, आणि चॅपलमध्ये पहिल्यांदाच एकटीनं गायला उभं राहावं तसा घसा खाकरून म्हणाली, "डग, तुला एक कप देऊ?"

डुगचा हात सोंगटीवरच राहिला. साठ वर्षांत त्या गल्लीत असं काही घडलं नव्हतं. त्याचं तोंड हसण्यासाठी उघडलं, पण मेव्हिसनं त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की ते तसंच मिटलं. "दे की," तो हळूच म्हणाला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला असावा. खुर्चीत नीट बसत तो म्हणाला, "कप दे. आणि पावाला बटर." त्याचं बटर ऐकून सरेच्या लोकांनी कानांवर हात ठेवले असते. पण उकार नव्हता त्यात.

क्लिफ आळीपाळीनं दोघांकडे बघत होता. मेव्हिसचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. जन्मभर ज्यांची टिंगल केली, तेच शब्द ती एकेक करून तोंडाबाहेर काढत होती, आणि एकही तिला नीट साधत नव्हता. तरी ती त्याच्याकडे वळली. "आणि तुला? तुलाही कप, लव?"

लव म्हणजे प्रेम, पण हा शब्द तिकडे लुव असा म्हणतात, आणि कुणालाही म्हणतात. पोस्टमनला, बुसच्या ड्रायव्हरला, पत्ता विचारणाऱ्याला. क्लिफनं दुकानात पाव शेर सॉसेज घेणाऱ्या प्रत्येक बाईला लुव म्हटलं होतं आणि तेवढ्याच सहजतेनं बायकोलाही. त्यात मेव्हिसला स्वतःचं असं काही कधी मिळालं नव्हतं, आणि तिनं मागितलंही नव्हतं. तिच्या या मोडक्या लवमध्ये काय होतं कोण जाणे. क्लिफ ऐकत राहिला. त्याचे ओठ हलू लागले. मेव्हिसला शब्द पुढे ढकलावासा वाटला, पण तिनं किटलीचा कान घट्ट धरला आणि ती थांबली. किती वेळ थांबली तिलाही कळलं नाही.

"हो," तो म्हणाला. मग डावा हात तिच्याकडे करून, "लव."

उकार नव्हता. बार्न्सलीत असं लव त्यानं दुसऱ्या कुणालाही म्हटलं नव्हतं. मेव्हिसनं किटली टेबलावर ठेवली. तिनं त्याचा हात धरला, आणि त्या दिवशीचा चहा डुगनं ओतला.