काटेवाल्यांचा उजवा हात

काटेवाल्यांचा हात बाईंनी मोडला, ही बातमी गल्लीत सकाळच्या चहाच्या आधी पोहोचली. दुपारपर्यंत तिला लाटणं चिकटलं, संध्याकाळी जिना. खरं तर हात मोडला नव्हता आणि त्यात बाईंचा काडीचाही संबंध नव्हता. निदान तेव्हा तरी.

दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करतात, म्हणून ते काटेवाले. बाई म्हणजे त्यांची बायको. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, तरी सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते. फक्त काटेवाले त्यांना ‘अगं’ म्हणतात, तेही आवाज बेतानं ठेवून.

या माणसाचा सगळा तोरा उजव्या तळहातात. साबण ठेवा, खिळ्यांचं पुडकं ठेवा, डोळे मिटून वजन सांगणार. वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक पडला तर पडला. काटा दुरुस्त झाला की आधी स्वतःच्या हाताची साक्ष, मग पितळी वजनांची, ही त्यांची रीत.

साठीला टेकल्यावर ते जावयाच्या नादानं व्यायामशाळेत जाऊ लागले. तीन महिने बरं चाललं. एक दिवस दांडी उचलताना त्यांना वाटलं, डावी बाजू जड आहे. दुसरा कोणी दांडी खाली ठेवून घरी गेला असता. यांनी एकेक लोखंडी प्लेट काढून, हात लांब करून तळहातावर तोलायला सुरुवात केली. “ही दहाची नाही, नऊ किलो नऊशे!” ट्रेनर डोक्याला हात लावून बसला. चौदा प्लेटा तोलून झाल्यावर, जावई बघतोय म्हटल्यावर, त्याच थकल्या हातानं यांनी दांडी पुन्हा उचलली. कोपरात सुरी फिरल्यासारखं झालं.

डॉक्टर म्हणाले, कंडरा दुखावली. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असते ती. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टनं एक वाळूची पिशवी दिली. हात टेबलावर ठेवायचा, मनगट कडेबाहेर, पिशवी मुठीत, आणि मनगट चार आकडे मोजत हळूहळू खाली सोडायचं. दिवसातून दोनदा, तीन महिने. पिशवी अर्ध्या किलोपासून सुरू, पुढे थोडीथोडी वाढवायची.

“आकडे मी मोजीन,” बाई म्हणाल्या. काटेवाल्यांना कळून चुकलं की शाळा पुन्हा भरली.

“एक... दोन... अहो, घाई कसली? गाडी चुकतेय?”

“अगं, तुझा एक आकडा संपेपर्यंत माणूस म्हातारा होतो.”

“तो तुम्ही आधीच झालायत. तीन...”

हे दुखणं एक वेळ परवडलं. खरं दुखणं निघालं किराणा दुकानात. दुकानदारानं सवयीनं साबणाचं पुडकं त्यांच्या हातावर ठेवलं. “सांगा काका, किती?”

“दीड किलो.”

काट्यावर आकडा आला आठशे दहा. दुकानदार भला माणूस, पटकन काट्यापुढे उभा राहिला. “बरोबर काका, दीडच.”

काटेवाले तडक घरी आले. “त्यानं खोटं सांगितलं गं. काटा मीच दुरुस्त केलाय, मला दिसला की आकडा.” दुखऱ्या हाताला सगळंच जड लागत होतं. हाताची ती जाण परत येणार की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. जेवणाची पानं मांडताना त्यांनी पाण्याचा तांब्या डाव्या हातानं उचलला. बाईंनी पाहिलं, आणि त्या दिवशी कुठलाच टोमणा मारला नाही.

दहाव्या आठवड्यात पिशवी दोन किलोची झाली. कोपर आता जवळजवळ दुखत नव्हतं, पण काटेवाल्यांना दम निघेना. बाई आंघोळीला गेल्या असताना त्यांनी शिवण जरा उसवून शंभर-शंभर ग्रॅमची दोन पितळी वजनं पिशवीत ढकलली. लवकर जड उचललं की लवकर बरं होईल, असा त्यांचा हिशेब. पण पिशवी जागेवर ठेवताना आत किणकिणलं आणि बाईंच्या कानांनी तीस वर्षं मागच्या बाकावरचं सगळं ऐकलेलं! त्यांनी गुपचूप वजनं काढून घेतली, वर शिक्षा म्हणून दोनशे ग्रॅम वाळूही काढली आणि पिशवी पुन्हा शिवून टाकली.

चार दिवस काटेवाले त्या हलक्या पिशवीशी जोर लावून झुंजत राहिले. बाई गंभीर चेहऱ्यानं आकडे मोजत राहिल्या.

पाचव्या दिवशी त्यांनी पिशवी उचलली आणि थांबले. डोळे मिटले. पिशवी मुठीतून तळहातावर घेतली.

“अगं, ही अठराशेची आहे.”

“हो का? किती हवी होती?”

“बावीस...” एवढं बोलून त्यांनी जीभ चावली.

बाईंनी पदराआडून दोन पितळी वजनं काढून टेबलावर ठेवली. “बावीसशे कसे हो? मी तर दोन किलोची दिली होती.”

पण काटेवाले कुठले ऐकतायत! पिशवी काट्यावर टाकली. आकडा आला अठराशे पाच. त्यांनी तो तीनदा वाचला, बाईंचे दोन्ही हात धरून खोलीभर गरगर फिरवलं, आणि पायात वेगवेगळ्या चपला घालून पिशवीसकट किराणा दुकान गाठलं.

“ठेव हातावर काय ठेवायचं ते!”

दुकानदारानं मेणबत्त्या ठेवल्या. “सहाशे.” काट्यावर सहाशे पंधरा. खिळे ठेवले. “सव्वा किलो.” काट्यावर बाराशे चाळीस. या वेळी दुकानदार काट्यापुढे उभा राहिला नाही, उलट काटा रस्त्याकडे वळवला. गर्दी जमली. कोणी छत्री पुढे केली, कोणी चष्मा. एक काकू आपलं मांजर घेऊन आल्या. मांजराचं वजन मात्र लागलं नाही, ते थांबेचना.

तेवढ्यात व्यायामशाळेचा ट्रेनर तिथून जात होता. त्यानं हात जोडले. “काका, हात परत आला म्हणायचा! मग येताय ना? हळूहळू सुरू करू.”

“येईन. पण आधी तुझ्या सगळ्या प्लेटा माझ्या काट्यावर चढतील.”

“काटा कशाला? तुमचा हात आहे की!”

काटेवाल्यांनी पाठोपाठ येऊन मागे उभ्या राहिलेल्या बाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, “हातानं तोलत बसलो तर ही पुन्हा तीन महिने आकडे मोजेल. आणि हिच्या दोन किलोत अठराशेच असतात!”