निघोज्याचा दुसरा पट

बुद्धिबळ शिकणाऱ्याला आधी मात करायच्या तऱ्हा शिकवाव्यात, बाकीच्या चाली मागाहून, असं हल्ली सगळेच सांगतात. शेवट ठाऊक असला की मधली वाट आपोआप सापडते म्हणे. हे मला ज्यानं पहिल्यांदा सांगितलं त्याचं मी पुढे कित्येक वर्षं ऐकलं नाही. सल्ला चुकीचा नव्हता. तो त्यानं दिला होता, एवढंच माझ्या दृष्टीनं वाईट होतं.

तो आमचा भाडेकरू. एकोणीसशे पन्नासच्या दशकात पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहिला आणि बाहेरगावची पोरं खोली शोधत चिंचवड गावठाणात दारोदार फिरू लागली. आमच्या गोठ्याला लागून कडब्याची एक खोली होती. आबांनी कडबा माळ्यावर टाकला, भिंती सारवून घेतल्या आणि सांगलीकडचा हा गडी आत आला. माझ्याच वयाचा, माझ्याच खात्यात. आम्ही दोघंही पांढरे डगले घालून इंजेक्शनच्या बाटल्यांना रबरी बुचं बसवायचो. शिफ्ट एक, रस्ता एक, सायकली शेजारी शेजारी. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण तो आईला विहिरीवरून पाणी आणून द्यायचा, उष्टं ताट स्वतः घासायचा, आणि वर पुन्हा हसतमुख. असल्या माणसाचा राग करायला फार कष्ट पडतात. मी ते घेतले.

आबा म्हणजे माझे वडील. शेती करायचे आणि बुद्धिबळ खेळायचे. यातलं दुसरं काम ते जास्त मन लावून करत, असं आईचं मत होतं. पाडव्यानंतरच्या पहिल्या शनिवारी निघोज्याच्या मारुतीच्या देवळात आसपासच्या गावांचे खेळणारे जमायचे. प्रत्येक गावाचे दोन पट मांडले जात. चिंचवडचा पहिला पट आबांचा, दुसरा माझ्या चुलत्याचा. मला मिसरूड फुटल्यापासून माझा त्या दुसऱ्या पटावर डोळा होता. मी आबांचा एकुलता मुलगा, तेव्हा आज ना उद्या ती जागा माझीच, असं मी धरून चाललो होतो. त्या वर्षी चुलत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. उंट कुठला आणि वजीर कुठला हे त्याला चाचपून बघावं लागायला लागलं. जागा रिकामी झाली, आणि आबा काही बोलेनात.

माझ्या खेळाबद्दल आबांचं मत फारसं बरं नव्हतं. "तुजा डाव म्हंजी दावं तोडून पळालेला बैल," असं ते म्हणत. माझ्याशी खेळायला बसले तरी अर्ध्यातून उठायचे. कधी गुरांना पाणी दाखवायचं असायचं, कधी शेजारी हाक मारायचा. आबांनी माझ्याशी एक डाव शेवटपर्यंत खेळलेला मला आठवत नाही.

आणि या भाडेकरूशी ते दिवे लागेपर्यंत खेळायचे.

सुरुवात मोठी गमतीची झाली. आमचा पट म्हणजे आईनं टाके घालून चौकटी पाडलेलं एकरंगी मांजरपाट. काळी-पांढरी घरं नाहीत. हा काळ्या-पांढऱ्या घरांवर शिकलेला, त्यामुळे पहिल्या दिवशी याचा उंट वाट चुकला. तिरपा निघाला आणि भलत्याच घरात जाऊन बसला. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन आईला सांगून आलो. तो आनंद एका आठवड्यात संपला. आठवड्यानं त्याचा उंट माझ्या उंटापेक्षा सरळ तिरपा जायला लागला.

त्याची शिकवण अशी होती. मात करायच्या आठ-दहा तऱ्हा असतात. त्या डोळ्यांत पक्क्या बसल्या की डाव लांबूनच दिसायला लागतो. दोन हत्ती असले तर एकानं राजाची ओळ अडवायची, दुसऱ्यानं शह द्यायचा, मग पहिल्यानं पुढच्या ओळीत. असं राजाला ओळीओळीनं रेटत पटाच्या कडेला न्यायचं. आबांनी हे पाहिलं आणि म्हणाले, "आरं, ही तर कुळवाची मात!" शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत कुळव हाकतात तसंच. दुसरी तऱ्हा घोड्याची. राजा आपल्याच माणसांत असा चेंगरलेला की हलायला जागा नाही, आणि घोडा लांबूनच उडी मारून शह देतो. हिचं नाव आबांनी कोंडवाडा ठेवलं. गावाच्या कोंडवाड्यात आमचीही म्हैस एकदा जाऊन आली होती. नाव ठेवलं आणि मांडीवर थाप मारून ते मोठ्यानं हसले. मी उंबऱ्यात उभा होतो. माझ्या कुठल्याही बोलण्यावर आबा तसे हसलेले नाहीत.

पहिले काही दिवस तो त्यांना 'मालक' म्हणायचा. मग एक दिवस 'आबा' म्हणाला. कुणी सांगितलं होतं? मी आईपाशी कुरकुर केली तर ती म्हणाली, "म्हनू दे की. तुजं काय कमी हुतंय?" कमी होत होतं, रोज थोडं थोडं.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत विलायती नियमांनी डाव चालायचा. त्यात प्याद्याला पहिल्या खेपेला दोन घरं, आणि राजाला हत्तीच्या आड लपवायची सोय. मी राजा लपवला, त्याच्यापुढे तीन प्यादी भिंतीसारखी उभी केली आणि निर्धास्तपणे भाकरीचा तुकडा मोडला. त्याचा हत्ती सुळकन शेवटच्या ओळीत आला. मात! माझा राजा माझ्याच भिंतीआड कोंडून मेला, आणि तोही अख्ख्या खात्यासमोर. यावर कुणाही शहाण्या माणसानं गप्प बसावं. हा मला समजावायला लागला. "एक प्यादं आधीच एक घर फुडं सारून ठेवायचं, राव. राजाला तेवढीच खिडकी र्‍हाते बघा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी भाकरी तशीच डब्यात ठेवली. त्यानंतर कित्येक दिवस मी सायकल मुद्दाम जोरात मारायचो, त्याच्याबरोबर जावं लागू नये म्हणून. तो मागून हाका मारत यायचा, "थांबा की!"

पाडवा जवळ आला तसा मला राहवेना. एका सुट्टीच्या दिवशी मी आबांना विचारलंच, "निघोज्याला दुसऱ्या पटावर कोण बसणार?" ते तंबाखू मळत होते. म्हणाले, "तुमी दोगं खेळा. जितंल त्यो ईल."

घरचा मुलगा आणि गोठ्याशेजारचा भाडेकरू, दोघं एका तराजूत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण नाही म्हटलं असतं तर जागा आयती त्याच्या पदरात पडली असती. त्याच दुपारी ओट्यावर पट अंथरला. आबा खांबाला टेकून बसले, चुलताही हात धरून आणवला. सोंगट्या दिसत नसतानाही तो "आता काय खेळला? आता काय?" विचारत राहिला. डाव देशी नियमांचा.

त्या दिवशी मी खरंच चांगला खेळलो. हे कुठंतरी लिहून ठेवलेलं असावं, म्हणून इथं लिहितो. मी त्याचा वजीर सापळ्यात धरला. उंट मारले, हत्ती मारले, प्यादी एकेक करून वेचली. शेवटी त्याच्याकडे राजा आणि एक घोडा उरला. माझ्याकडे दोन हत्ती आणि एक प्यादं. त्याचा राजा कडेच्या ओळीत होता, माझ्या एका हत्तीनं अलीकडची ओळ बंद केली होती. दुसरा हत्ती शेवटच्या ओळीत नेला की संपलं. कुळवाची मात. शेंबडं पोर करेल इतकी सोपी.

पण मी ती केली नाही.

देशी डावात सगळ्यात मानाची मात प्याद्याची. सगळ्यात हलक्या शिपायानं राजाला धरायचं. आबा स्वतः जिंकायला लागले की वजीर बाजूला ठेवून प्यादंच पुढे काढत, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. शिवाय कुळवाची मात ही त्यानं शिकवलेली, आबांनी तिचं कौतुक केलेलं. त्याच्या तऱ्हेनं जिंकून मी आबांपुढे काय मिरवणार होतो? मला प्यादेमात हवी होती. आबा मांडीवर थाप मारतील, ती माझ्यासाठी मारतील, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. मी हत्ती जागच्या जागी ठेवला आणि प्यादं एक घर पुढे सारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि घोडा उचलून माझ्या हत्तीच्या तोंडासमोर आणून ठेवला. तिथून पुढच्या चालीला तो माझं प्यादं खाणार होता. हत्तीची मात अजूनही तशीच शिल्लक होती. पण मला फक्त माझं प्यादं दिसत होतं, आणि त्याच्यावर टपलेला त्याचा घोडा. हा माणूस हेही माझ्याकडून घेणार! मी हत्तीनं घोडा मारला. मारला म्हणजे चांगला आपटलाच.

"बुर्ज," आबा म्हणाले.

आमच्या देशी डावात एकट्या राजावर मात करत नाहीत. समोरच्याचं शेवटचं मोहरं मारलं आणि राजा उघडा पडला की तो बुर्ज, म्हणजे डाव बरोबरीत. हे त्या ओट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर सोंगट्यांची नावं नीट म्हणता येत नव्हती तेव्हापासून ठाऊक होतं. सांगलीच्या त्या गड्यानं घोडा मला खाऊ घातला होता, आणि मी तो मिटक्या मारत खाल्ला होता.

"काय झालं? कोण जितलं?" चुलत्यानं विचारलं.

"कोनीबी न्हाई," आबा म्हणाले. मग त्यांनी सोंगट्या पिशवीत भरल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "निघोज्याला ह्यो ईल. बुडत्या डावातनं निगनारा गडी पायजे मला. हातातला डाव सोडनारा न्हाई."

"आबा, त्यांनाच न्या की," तो म्हणाला. "त्यांचाच डाव होता ह्यो." त्यानं तेही करायचं सोडलं नाही. मला उघडपणे भांडायला त्यानं एक तरी जागा ठेवायला हवी होती.

शनिवारी पहाटे आबांनी बैलगाडी जुंपली. मोशीला इंद्रायणी ओलांडून पलीकडे जायचं, म्हणजे लवकर निघायला हवं. आईनं दोघांच्या भाकऱ्या एकाच फडक्यात बांधल्या. मला तिनं विचारलं, "तूबी जा की बघायला." मी शिफ्ट असल्याचं सांगितलं. शिफ्ट होतीच, पण नसती तरी मी तेच सांगितलं असतं. दिवसभर बाटल्यांना बुचं बसवताना मी मनात एकच गोष्ट मागत होतो: तो हरावा. आबांनी जिंकावं आणि त्यानं हरावं. चांगला सपाटून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले. आबा बैलांना पाणी दाखवायला गेले. मी अंगणात सायकलची चेन बसवत होतो. तो माझ्याशेजारी उकिडवा बसला. जिंकला होता. दोन हत्ती घेऊन, कुळवासारखा. मी "वा" म्हणालो.

तरी तो उठेना. चेनच्या वंगणात बोट घालून तसाच बसला. मग म्हणाला, "एक सांगतो. राग नका मानू. तिथं एका म्हाताऱ्यानं माझा डाव बघितला आणि आबास्नी विचारलं, पोरगा का तुमचा? थोरला का धाकटा?"

"मग?"

"आबा म्हणले, एकुलता हाय."

चेन दात्यांवरून सटकली. ती पुन्हा बसवायला मला बराच वेळ लागला.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी काय बोलणार, राव? चारचौघांत त्यास्नी खोटं कसं पाडायचं? मान खाली घातली."

मी त्याला "बरं केलंस" म्हणालो. आबांना मात्र मी कधी काही विचारलं नाही. असं बोललोच नाही, असं ते म्हणाले असते तर मला ते खरं वाटलं नसतं. बोललो म्हणाले असते तर लगेच खरं वाटलं असतं.